पाच नखांच्या ड्रॅगनचा डोळा

माझे यजमान सदानंद पेणचे. तरुणपणी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे, आता दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये जुनी चिनी भांडी दुरुस्त करतात. मी प्रमिला. रोल्ला भागातल्या आमच्या घरी मी त्यांचा डबा भरते आणि चार लोकांत त्यांच्या बढाया मारते. दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हाती पहिल्यांदाच शाही वाडगा आला. चीनच्या सम्राटाच्या घरचा! त्यावर समोरासमोर दोन ड्रॅगन, पायांना पाच-पाच नखं. पाच नखं हा सम्राटाचा मान. हे घरी येऊन हातवारे करत सांगायचे, "आधी निळी रेघ, वर काचेचा लेप, मग भट्टी. नंतर त्या रेघांत वरून रंग भरायचे आणि पुन्हा भट्टी. म्हणून रेघ पाण्याखाली असल्यासारखी दिसते गं."

टवका उडून एका ड्रॅगनचं डोकंच गेलं होतं. ते घडवून रंगवायचं, पण भट्टी न लावता. एवढा जुना वाडगा पुन्हा भाजला तर खलास. यांनी निळी रेघ काढली, पारदर्शक लेप दिला, लेपावर रंग भरले. डोळा सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, श्वास रोखून. पेणची रीतच तशी, डोळा उघडला की मूर्ती जिवंत.

वर्कशॉपच्या मुख्य एमान मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या, "सदानंदभाई, बहुत सुंदर है. लेकिन पुराने वाले से ज़्यादा चमकता है. हल्का करो. नहीं तो दूसरे को देना पड़ेगा."

झालं! यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन जेवले नाहीत. "मी मुद्दाम मंद डोळा काढू? उभ्या जन्मात नाही काढला. देऊ देत दुसऱ्याला!"

पहिला शाही वाडगा हातचा जाणार म्हणून माझा जीव तुटत होता. मी त्यांच्या मोबाईलवरचा वाडग्याचा फोटो बघितला. जुना ड्रॅगन शांत, पिकल्या म्हाताऱ्यासारखा. यांचा मात्र टक्क जागा, भांडायला उभा.

"अहो, तुमचा डोळा झकास आहे," मी म्हटलं, "पण त्याच्यापुढे तो जुना बिचारा आंधळा दिसतोय."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून दोन्ही डोळे ताडून पाहिले. मग म्हणाले, "वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने तो डोळा कापसाने पुसला. किती जड गेलं असेल, ते मलाच माहीत. मग जुन्याकडे बघून बघून नवा काढला. तो बघून एमान मॅडम एवढंच म्हणाल्या, "यल्ला, चलो, पॅक करो."

पुढे वाडगा प्रदर्शनात मांडला, तेव्हा मी पैठणी नेसून गेले. काचेत, दिव्याखाली तो गोल फिरत होता. लोक यायचे, फोटो काढायचे, पुढे जायचे. कुणालाही टवका दिसला नाही. मी काचेला नाक लावलं. एक ड्रॅगन आला, गेला. दुसरा आला, गेला.

"अहो, यातला तुमचा कुठला?"

"तूच ओळख."

यांनी नुसती रांगोळीची रेघ ओढली तरी मी गर्दीतून ओळखीन. पण तिथे चारदा बघूनही मला सांगता येईना. माझा ऊर असा भरून आला की मी भर प्रदर्शनात त्यांचा हात धरला.

"हरले बाई," मी म्हटलं.