देवजी कारकुनाचा हुंकार

खोडाळ्यात देवजी कारकुनाशी बोलायचं म्हणजे लोक आधी मनात वाक्य जुळवून घेत. माणूस वाईट नव्हता. कोणाचा अर्ज अडला, कोणाला जंगलखात्याची नोटीस आली, की भरल्या ताटावरून उठून जायचा. पण समोरचा बोलायला लागला की देवजीची नजर त्याच्या ओठांवरून हलायची नाही. शिकाऱ्यानं झुडपाकडे पाहावं तसा तो वाक्याकडे पाहायचा. चूक कुठून तरी निघणारच.

घरात तर विचारूच नये. त्याची बायको तुळशी म्हणायची, "मी मेले तर हे आधी माझ्या शेवटच्या शब्दाचं व्याकरण चालवतील, मंग लाकडं आणाया जातील." व्याकरण चालवणं हा शाळेतला प्रकार. एक शब्द घ्यायचा आणि त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती, सगळं कूळ-मूळ ओळीनं सांगायचं. देवजीच्या घरी हे रोज दिवेलागणीला चाले आणि ते चालवायची त्याची लेक गोदा.

देवजी मूळचा जामसरचा. बाप भात-नागली पिकवणारा. घरची बोली शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची असते हे देवजी लवकर शिकला होता, पण पुरतं शिकला नव्हता. जव्हारला संस्थानच्या कचेरीत उमेदवारीला लागला, तेव्हा एकदा त्याला एक अर्ज वाचून दाखवायला उभं केलं. अर्ज त्यानं नीट वाचला. मग त्यावर दोन शब्द स्वतःचे बोलला. ठाण्याकडून आलेला एक वकील तिथं बसला होता, तो हसला. फार मोठ्यानं नाही. "हे माणूस बोलतंय की जंगल?" एवढंच म्हणाला. मग सगळेच हसले. ते हसू देवजीच्या कानात शिरलं आणि बाहेर यायची वाटच विसरलं. पुढं कित्येक वर्षं, एकटा असला की, दगडाखाली पाणी वाजावं तसं ते आत वाजत राहायचं.

त्यानं एका म्हाताऱ्या हेडकारकुनाचे पाय धरले आणि व्याकरण शिकला. लोक भिंत बांधतात तसं शिकला, एकेक दगड ठोकून. भिंत पुरी झाली तेव्हा आत कोणी हसणारं पोचेना. स्वतः देवजीही आत फारसा सापडेना, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. संस्थान विलीन झालं, नवे साहेब आले, नवे शिक्के आले, किती जणांच्या नोकऱ्या हेलकावे खाऊ लागल्या. देवजीचा मसुदा पाहून एक साहेब म्हणाले, याला ठेवा. खोडाळ्याला जंगलखात्याच्या कचेरीत त्याची सोय लागली. राजाचं राज्य गेलं, व्याकरणाचं गेलं नाही, असं देवजी मनाशी म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याची श्रद्धा दुप्पट झाली.

गोदाची चौथी जव्हारला झाली होती. खोडाळ्यात पुढं शाळा नव्हती आणि जव्हारला पोरीला एकटीला ठेवायचं कोणाकडे? देवजीनं तिला घरीच शिकवलं. सातवीच्या परीक्षेला ती बाहेरून बसली आणि पास झाली. मग भूगोल, हिशेब, इतिहास, सगळी पुस्तकं फडताळात गेली. व्याकरण मात्र पाटावर राहिलं.

ही गोदा लहानपणी मोठी बोलकी. पाण्याला गेली तर हंड्याबरोबर विहिरीवरच्या चार घरांच्या चार गोष्टी घेऊन यायची. आता सतरावं सरत आलं होतं आणि ती बोलायची ते वाक्य धुतल्या तांदळासारखं असायचं. असायचं मात्र एकच. ते संपलं की ती बापाच्या तोंडाकडे पाहायची आणि चूक निघाली नाही की गप्प बसायची. देवजीला वाटायचं, पोर तयार होते आहे. तुळशीला वाटायचं, पोर विझते आहे.

अशात एका सकाळी ओहळापलीकडच्या पाड्यावरून मंगळू आला. मंगळू पाड्यातला कर्ता माणूस, शब्दाला पक्का. पाड्यानं कुडाची शाळा बांधली होती. एका मंडळानं मास्तराचा पगार द्यायचं कबूल केलं होतं. पण आलेला मास्तर घाटावरचा. त्याचं पोरांना कळेना, पोरांचं त्याला कळेना, आणि दिवाळीला गेला तो परतलाच नाही. पौषाच्या आत शाळा उघडली नाही तर मंडळ ती दुसऱ्या पाड्याला देणार होतं. मंगळूनं हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची गोदा आमाला द्या. ती इथलीच हाये."

दाराआड गोदाच्या हातातलं सूप थांबलं. तुळशीनं ते पाहिलं.

देवजी म्हणाला की मागणं मोठं आहे, मान मोठा आहे, पण पोरीचं वाक्यपृथक्करण अजून कच्चं आहे. समास व्हायचे आहेत. अजून एक वर्ष द्या. मंगळूला समास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पोरीला काही दुखणं आहे असं समजून तो हळहळला आणि उद्या खळ्यावर या, नागलीची रास पुजायची आहे, असं आवतण देऊन गेला.

तो गेल्यावर गोदा बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन काही विचारलं.

"बाबा, व्याकरण कधी संपतं?"

"चूक व्हायची थांबली म्हणजे."

"तुमचं संपलं?"

देवजीनं टोपी काढून झटकली आणि परत घातली. आतून तुळशी म्हणाली, "आता हिच्या प्रश्नाचं चालवा व्याकरण."

त्या दिवशी कचेरीत देवजीचं मन लागलं नाही. पोरीला धरून ठेवावं असं त्यालाही वाटत नव्हतं. त्याला दिसत होतं ते निराळंच. कुडाच्या त्या शाळेत एक दिवस तपासणीला साहेब येणार. गोदा उभी राहणार, दोन शब्द स्वतःचे बोलणार. साहेब फार मोठ्यानं नाही, पण हसणार. आणि ते हसू मग जन्मभर तिच्या कानात वाजणार. हे ज्याला सांगावं असं माणूस त्याच्याजवळ नव्हतं. तुळशीलाही त्यानं वकिलाची गोष्ट कधी सांगितली नव्हती.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं निकाल सांगितला. उद्या गोदानं खळ्यावर चार लोकांत बोलावं. तो ऐकेल. एकही चूक निघाली नाही तर व्याकरण संपलं, तिनं खुशाल पाड्यावर जावं. निघाली तर पुढचं वर्ष अभ्यासाचं. गोदा हो म्हणाली. त्या ‘हो’मध्ये चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं ओहळ ओलांडून पाड्यावर गेली. खळं शेणानं सारवलेलं, मधे तांबूस नागलीची रास, राशीवर शेंदूर. त्या पाड्याची रीत अशी की रास घरात न्यायच्या आधी तिला एक गोष्ट ऐकवायची. धान्य वर्षभर एकटं उन्हातान्हात उभं असतं, ते घरी येताना काही ऐकत यावं. पण दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, म्हणून सगळी माणसं दिवस बुडायची वाट पाहत बसली होती. सूर्य डोंगराआड गेला तशी मंगळूची आई, काळी म्हातारी, म्हणाली, की यंदा गोष्ट कारकुनाच्या पोरीनं सांगावी.

गोदा उभी राहिली. देवजी तिच्या समोरच मांडी घालून बसला आणि त्याचे ओठ बारीक हलायला लागले.

"एका नगरीत एक कारकून राहत होता," गोदा म्हणाली, आणि थांबली. "त्या नगरीचे राज्य नुकतेच विलीन झाले होते." पुन्हा थांबली. पोरं टकामका पाहत राहिली. तिनं तिसरं वाक्य सुरू केलं, त्यात कुठं तरी अडखळली, आणि देवजीनं पुढं वाकून हळूच दुरुस्ती सांगितली. गोदा गप्प झाली. ती नेहमीची, घरातली गप्प.

"भाऊसाहेब," काळी म्हातारी म्हणाली, "तुमी हुंकार द्या ना."

देवजीला समजेना.

"गोष्ट सांगणारीला ज्यानं आणली त्यानं हुंकार द्यायचा. आमी कोणी दिला तर चालत नाय. हुंकार नाय तर पोरीनं पाय ठेवायचा कशावर? मघापासून ती तुमच्याकडं पाहाते हाये."

देवजीला जामसर आठवलं. अंगणात बाप गोष्ट सांगायचा आणि हुंकार द्यायचं काम धाकट्या देवजीचं असायचं. झोप लागून हुंकार थांबला की बाप गोष्ट थांबवायचा. आपण शेवटचा हुंकार कोणाला दिला, हे त्याला आठवेना. गोदाला तर कधीच नाही. तिला त्यानं ‘बरोबर’ दिलं होतं, ‘चूक’ दिलं होतं.

"हुं," देवजी म्हणाला. गंजलेलं कुलूप उघडावं तसा आवाज आला.

गोदा पुढं निघाली. त्या कारकुनाला साहेबांनी दप्तरांच्या गाडीबरोबर पाठवलं. राज्याचे जुने कागद गाडीत बांधलेले, ते खाली पोचवायचे. "हुं." बरोबर त्याची लहान लेक, बोट धरून. "हुं." उताराच्या तोंडाशी गाडीचा एक बैल मटकन खाली बसला. गाडीवानानं शेपटी पिरगळली, शिपायानं हुकूम सोडला, बैल उठेना. मग कारकून पुढं झाला, टोपी नीट केली, आणि बैलाला म्हणाला, "उठावे. सरकारी काम आहे."

खळं हसून लोळलं. काळी म्हातारी डोळे पुसायला लागली. तेच हसू, असं देवजीला आधी वाटलं. पण हे हसू त्याच्याकडे आलं नाही. ते गोदाच्या पायाशी जाऊन बसलं आणि पुढचं सांग म्हणायला लागलं. गोदाही हसत होती. तिची वाक्यं आता लांब लांब झाली होती, पुस्तकातून निघून पाड्यात शिरत होती आणि परत पुस्तकात येत होती, आणि देवजी प्रत्येक वळणावर हुंकार देत होता.

"मंग तो कारकून खाली बसला," गोदा म्हणाली. "बैलाच्या कानाशी तोंड नेलं आन् काही तरी बोलला. आन् बैल उठला."

"मंग?" देवजी म्हणाला. "काय बोलला तो?"

"ते त्याच्या लेकीला ऐकू आलं नाय. पण एरवी तो कधी बोलत नसे असं काही तरी होतं. मऊ होतं. तेव्हापासून ती वाट पाहतेय, कधी तरी तिच्याशीही तो तसं बोलेल म्हणून."

खळ्यावर सगळे देवजीकडे पाहायला लागले. कारकून कोण, हे आता लहान पोरांनाही कळलं होतं. देवजी राशीकडे पाहत बसला. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ऊठ रं माझ्या राजा," तो म्हणाला. "राज गेलं म्हून काय झालं, वाट हाये ना आपल्याला. चल." त्याचा बाप नांगराच्या बैलाला जसं म्हणायचा तसंच.

कोणी हसलं नाही. काळ्या म्हातारीनं हुंकार दिला.

रास पाट्यांत भरायला सुरुवात झाली तेव्हा मंगळू जवळ येऊन बसला. पोरीचं दुखणं कितपत आहे, पौषाच्या आत बरं होईल का, असं त्यानं अदबीनं विचारलं. देवजीनं मागं वळून आठवायचा प्रयत्न केला. गोदा कुठं चुकली? चुकली असणारच. पण बैल बसल्यापासून त्यानं चूक शोधली नव्हती. बैल उठतो की नाही, एवढीच त्याला काळजी लागली होती, आणि तो उठला होता हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बरी हाये ती," देवजी म्हणाला. "घेऊन जा."

परत येताना ओहळाच्या पाण्यात उभं राहून गोदानं विचारलं, "आणि समास?" देवजी म्हणाला, ते पुस्तकही आता फडताळात ठेवू, तिला लागेल तेव्हा काढता येईल. साहेब येतील, कदाचित हसतील. हे सांगताना त्यानं तिला वकिलाची गोष्टही सांगितली, पहिल्यांदाच, आणि गोदा प्रत्येक वाक्याला हुंकार देत चालली.

पौषाच्या आत शाळा उघडली. कचेरीत देवजीचे मसुदे शेवटपर्यंत तसेच राहिले, काना-मात्रेला निर्दोष, आणि नव्या कारकुनांना त्याची भीतीही तशीच. रविवारी मात्र तो ओहळापलीकडे जायचा. शाळेच्या भिंतीला टेकून बसायचा. पोरं आपापल्या बोलीत आठवड्याच्या गोष्टी सांगायची, गोदा त्यातलं हळूहळू फळ्यावर आणायची, आणि देवजी हुंकार द्यायचा.

तुळशीची तक्रार आता निराळी झाली होती. "आधी बोलू देत नव्हते," ती शेजारणीला सांगायची, "आता नुसतं हुं हुं करतात. मी काय म्हणाले ते विचारा बरं." विचारलं, तर देवजी पहिल्यापासून सगळं सांगायचा, तिच्याच बोलीत.