चौगुले सरांचा धूर

चौगुले सर बोलता बोलता मध्येच म्हणत, “धूर!” मग मिसळीचा घास तोंडात असला तरी आम्ही थांबायचं आणि म्हणायचं: विमान उडवत राहायचं, टॉवरला सांगायचं, मास्टर स्विच बंद, हवेच्या खिडक्या बंद, धूर थांबला की खिडक्या उघडायच्या, लगेच उतरायचं. एखादी गोष्ट राहिली तर सर शांतपणे सांगत, “मेलास. खा आता.”

सर कोल्हापुरात आम्हाला दोन सीटचं छोटं विमान चालवायला शिकवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. बाबा शिरोलीला लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला. विमान शिकते हे मी सुरुवातीला गल्लीत सांगतसुद्धा नव्हते, कारण एकटीनं उडायची परवानगी सरांच्या हातात होती आणि धुराची तयारी पटल्याशिवाय ते ती कुणालाच देत नसत.

ही तयारी सरांच्या अंगणात चालायची. तिथं इंजिन काढलेली एक जुनी व्हॅन होती. तिच्यात खडूनं विमानातली उंची-वेगाची घड्याळं काढली होती आणि सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच म्हणून घरातलंच एक बटण बसवलं होतं. धूर सरांच्या घरच्या काकू पुरवायच्या. उन्हाळ्यात त्या कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या भाजायला बसल्या की सर शेगडी व्हॅनच्या खिडकीखाली ओढून घेत आणि मागून टेबलफॅन लावत.

“अहो, मिरच्या करपाय लागल्यात माझ्या!”

“करपू देत. पोरगी जगाय पायजे.”

पहिल्याच दिवशी ठसका लागला आणि मी दार उघडून बाहेर पळाले.

“कुठं उतरलीस?” सरांनी विचारलं.

“अंगणात, सर.”

“अंगण हाय कुठं? तीन हजार फुटांवरनं शिरोळच्या उसात पडलीस की.”

त्यानंतर दिवसभर मी मेलेलीच होते. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा सर म्हणाले, “तिला नको. ती न्हाय आता.” काकूंनी कप माझ्या हातात कोंबला. “पी गं. ह्यांच्या हिशेबानं मी लग्नापास्नं मेलेली हाय.” सरांच्या गल्लीतल्या बायका मला बघून विचारायच्या, “काय गं, आज वाचलीस का?”

मसाल्याचे दिवस संपेपर्यंत मी रडत, खोकत, डोळे मिटून स्विच शोधायला शिकले. मग सर म्हणाले, “चल, आता खऱ्या विमानात बघू.”

त्या सकाळी सर शेजारी होते. वर गेल्यावर थोड्या वेळानं एक जळका वास आला. मला बरं वाटलं. बाबा कामावरून आले की त्यांच्या शर्टाला असाच वास येतो. ठसका नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणजे धूर नव्हताच.

“सर, खाली शिरोली आली वाटतं.”

सर माझ्याकडे वळले. “शिरोली पलीकडं हाय, पोरी. जळाय लागलोय आपण.”

घड्याळांच्या खाली वायर जळून धुराची पांढरी रेघ निघत होती. मी टॉवरला एका वाक्यात सांगितलं आणि मास्टर बंद केला. रेडिओ गेला. इंजिन त्या स्विचवर नसतं, ते चालू राहिलं. खिडक्या बंद केल्या. रेघ बारीक होत होत थांबली, तेव्हा त्या उघडल्या. टॉवरनं उतरायची परवानगी म्हणून हिरवा दिवा दाखवला आणि मी विमान उतरवलं. सरांनी सुकाणूच्या काठीला हात लावला नाही.

खाली आल्यावर सर गवतात बसले. माझी परवानगी गेली असंच मी धरून चालले होते.

“सर, मी मेले का?”

“न्हाय. मास्तर मेला.” त्यांनी मूठभर गवत उपटलं. “इमानात मिरच्या कोण भाजतंय? चुकीचा धूर शिकवला तुला.”

दुसऱ्या दिवसापासून अंगणात आमचे डोळे बांधून सर जळकी वायर, रबर, तेलाचा बोळा नाकाखाली धरू लागले. मला म्हणाले, “बाबांचा शर्ट आण.” बाबांनी लाजून इस्त्रीचा दिला. सरांनी तो परत पाठवला, “कामावरचा पायजे. न धुतलेला.” बाबा आईला म्हणाले, “शिकल्याली माणसं हायत. असंल काहीतरी.” अखेर मला शर्ट आणि वायर यांतला फरक नाकानं कळू लागला. जळक्या वायरला एक गोडसर, घशात चिकटणारा वास असतो. शर्टाला घामही असतो.

मग एका सकाळी धावपट्टीच्या कडेला सरांनी पट्टा सोडला, खाली उतरले आणि बाहेरून दार लावू लागले. मी माझा पट्टा पुन्हा आवळला.

“सर, वर धूर आला तर?”

“मला काय इचारतीस? मी खाली हाय.”

त्यांनी दार लावलं आणि मागं वळून न बघता चालू लागले.