बेचाळीस पानं

ताईला कुणी विचारलं असतं, की बाई गं, जन्मात कधी चोरी केलीस का, तर तिनं हातातली इस्त्री बाजूला ठेवून कानाला हात लावले असते. लाँड्रीत बावीस वर्षं काढली तिनं. लोकांच्या खिशांतून अंगठ्या निघाल्या, चाव्या निघाल्या, एकदा तर कवळी निघाली. सगळं पाकिटात घालून, वर चिठ्ठी लावून ज्याचं त्याला परत केलं. अशा बाईनं आंधळ्या भावाच्या ताटातलं काढून खाल्लं, असं कुणी सांगितलं तर कोण विश्वास ठेवील? पण खाल्लं. खोटं कशाला सांगू?

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळा रस्ता त्याला पेंटर म्हणे. काचबिंदूनं आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आणि चौथ्या वर्षी हातातला ब्रश दिसेना. नाव मात्र पेंटरच राहिलं. लग्न दोघांनीही केलेलं नव्हतं. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि बोलायला एकमेकं.

पेंटरला लहानपणापासून एकच नाद, चित्रकथांचा. जाडजूड चित्रकादंबऱ्या म्हणू नका, जपानी मंगा म्हणू नका, सगळं चालायचं. डोळे गेल्यावर लोक म्हणाले, फोन पुस्तकं वाचून दाखवतो की हल्ली. दाखवतो, पण साधी. चित्रांचं पुस्तक पुढं धरलं की त्याची दातखीळ बसते. मग राहिली कोण? ताई. मंगा शेवटच्या पानाकडून उघडायची आणि उजवीकडून डावीकडं वाचायची, हे त्यानंच तिला शिकवलं. रोज संध्याकाळी सातला ती त्याच्या शेजारी बसायची, बोललेलं वाचायची, चित्रात काय आहे ते सांगायची. मग तो मत द्यायचा आणि ती ते उतरवून घ्यायची.

मत म्हणजे साधंसुधं नाही हं! वाचनालयाच्या मासिक पत्रकात पेंटरचं अर्धं पान असायचं. अलीकडं वाचलेल्या चित्रकथांचा तिथं तो न्याय करायचा, आणि जीभ म्हणजे वस्तरा. फुटबॉलच्या मंगाबद्दल त्यानं लिहिलं, ‘एक चेंडू मारायला अठ्ठावीस पानं. तेवढ्यात मी दोन पाट्या रंगवून चहा पिऊन आलो असतो. तरी सांगतो, गोल झाल्यावर मी खुर्चीतून उठलो.’ पियानो दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या मंगाबद्दल, ‘सगळे एकमेकांना मनातलं सांगत सुटतात. पियानो बिचारा वाट बघत बसतो.’ एका भुताच्या चित्रकादंबरीबद्दल, ‘भूत तिसऱ्या पानावर दिसलं. संपलं. दिसलेल्या भुताला कोण भितो?’

लोक हे वाचायला पत्रक मागून न्यायचे. पेंटरनं वाखाणलेलं पुस्तक महिना महिना मिळायचं नाही, आणि त्यानं नाक मुरडलेलं पुस्तक खालच्या फळीवर धूळ खात पडायचं. वाचनालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळं लिहिणाऱ्याला दिसत नाही हे तिथं फक्त ग्रंथपालबाईंना ठाऊक होतं. त्यांना त्यानं बजावूनच ठेवलं होतं, “ते छापायचं नाही. छापलंत की लोक माझं मत वाचणार नाहीत, कीव वाचतील.” सबंध आयुष्यात त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं. चित्र कळणारा माणूस, ही त्याची पत.

आणि ती पत कुणाच्या हातात, तर दिवसभर इस्त्रीपुढं उभं राहून पाय सुजलेल्या, आणि साडेसातच्या मालिकेत जीव अडकलेल्या ताईच्या.

एका दिवसात कुणी चोर होत नाही. ताईनं आधी ढग गाळले. दीपगृहाच्या रखवालदाराची एक मंगा होती, तिच्यात जिकडं तिकडं ढग. आता ढगांचं काय सांगायचं माणसानं? मग गर्दीची चित्रं गाळली. मग एक स्वप्न. ‘इथं काही लिहिलेलंच नाही,’ असं ती स्वतःशी म्हणायची आणि पान उलटायची. लिहिलेलं नाही म्हणजे वाचायचं नाही, इतकं सोपं! त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

मग आलं ते घड्याळजीचं पुस्तक. पाचशे पानांची चित्रकादंबरी, एक घड्याळजी आणि त्याची बायको. पेंटर दहा दिवस त्यात बुडाला होता. अकराव्या संध्याकाळी सात पंचवीसला बायको गेली. त्या दिवशी मालिकेत लग्न होतं. तीन महिने रखडलेलं लग्न, आणि ते मोडणार की लागणार ते साडेसातला कळणार. ताईनं पान उलटलं, एक शब्द नाही. पुढचं, नाही. त्याच्या पुढचं, नाही. मग तिनं चिमटीत येतील तेवढी पानं धरली आणि शब्द दिसेपर्यंत एकदम पलीकडं टाकली.

“मग?” पेंटरनं विचारलं.

“मग तो दुकान उघडतो. गिऱ्हाईक म्हणतं, माझं घड्याळ झालं का?”

“लगेच?”

“लगेच,” ताई म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

पेंटर असा भडकला, की मालिकेतल्या सनया त्याच्या बडबडीत बुडाल्या. त्यानं दुसऱ्याच दिवशी मत सांगितलं आणि तिनं मुकाट्यानं उतरवलं. ‘चारशे पानं ज्या बायकोवर जीव टाकला, ती गेल्यावर दुसऱ्याच पानाला हा गृहस्थ दुकान उघडतो. माणूस आहे की शटर? या चित्रकाराला हात आहे, पण दुःखापाशी थांबायचा दम नाही.’ शटरवर तो स्वतःच खूश झाला. पत्रकात छापून आल्यावर बरेच जण हसले. पुस्तक खालच्या फळीवर गेलं.

तीन आठवड्यांनी शनिवारी ताई पुस्तकं बदलायला गेली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी तिच्या हातात एक पाकीट दिलं. “पेंटरना पत्र आलंय. वाचून दाखवा हं, खूश होतील.”

त्याची पत्रं उघडायची तीच. तिनं तिथंच टेबलाशी बसून वाचलं. कुणा बाईचं होतं, वाकड्या पण ठसठशीत अक्षरात.

‘तुमची मतं मी आवडीनं वाचते. पण या वेळी राहवलं नाही म्हणून लिहिते. घड्याळजी लगेच दुकान उघडत नाही हो. बेचाळीस पानं तो एक शब्द बोलत नाही. माझे यजमान गेल्यावर मीही कित्येक दिवस बोलले नव्हते. ती पानं मी रोज उघडून बघते. तुमच्यासारख्या जाणकाराला ती दिसलीच नाहीत का?’

दिसलीच नाहीत का! आता काय सांगायचं या माउलीला?

ती उठली आणि खालच्या फळीवरून पुस्तक काढून आणलं. जी पानं तिनं चिमटीनं टाकली होती, ती पहिल्यांदा बघितली. घड्याळजी दोन कप चहा करतो. एक पितो, दुसरा निवेपर्यंत बसतो, मग मोरीत ओततो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कपाट उघडतो, बायकोचे धुतलेले, चुरगळलेले शर्ट गठ्ठ्यानं बाहेर काढतो आणि इस्त्री करायला बसतो. आता इस्त्री म्हणजे ताईचा प्रांत. या माणसानं जन्मात इस्त्री केलेली नाही, हे तिला एका चित्रात कळलं. आधी पाठ घेतली गाढवानं, मग समोरचं, आणि कॉलर शेवटी, त्यामुळं आधी केलेलं सगळं पुन्हा चुरगळलं. रोज एक शर्ट. चौथ्या शर्टाला तो कॉलरपासून सुरुवात करतो. नवव्याला कॉलर टोकाकडून मधे घेतो, म्हणजे टोकाला चुणी पडत नाही. हे कुणी सांगून येत नाही, करून करून येतं. शेवटचा शर्ट हँगरला लागतो. कपाटात इस्त्री करायला काहीच उरत नाही. त्या दिवशी तो दुकान उघडतो.

टेबलावर पुस्तक उघडं टाकून ताई ढसाढसा रडली. घड्याळजीसाठी की स्वतःसाठी, तिचं तिलाच कळेना. ग्रंथपालबाई पाणी घेऊन आल्या.

पुस्तक घरी आलं आणि कपड्यांच्या घडीखाली गेलं. पत्र चार दिवस लाँड्रीतल्या एप्रनच्या खिशात राहिलं. चार दिवस तिच्या मनात एकच. दहा ओळींचं तर पत्र. बेचाळीस पानं पचली, दहा ओळी नाही पचणार? त्याला सांगून तरी काय साधणार आहे? उगाच पोराचा जीव दुखवायचा! मन कसं गोड बोलतं बघा अशा वेळी. ‘मी त्याच्यासाठीच गप्प बसतेय,’ इथपर्यंत मजल गेली. आणि संध्याकाळी पेंटर म्हणायचा, “ताई, दमलीस का गं? नको वाचूस आज,” तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली आणि पाठीवर तांबूस डाग उमटला. बावीस वर्षांत पहिला.

त्या संध्याकाळी सातला ती खुर्ची ओढून बसली. “पत्र आलंय तुला.”

“माझं? वाच, वाच!” तो हसून सरळ बसला.

तिनं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. ‘दिसलीच नाहीत का’ हेसुद्धा.

“कुठली बेचाळीस पानं?” त्यानं विचारलं.

“आहेत. मी गाळली.”

“का?”

पाय दुखत होते, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. ताई म्हणाली, “मालिका लागणार होती.”

मग पेंटरनं विचारलं, “लग्न लागलं का?”

“कुणाचं?”

“मालिकेतलं.”

“नाही. मोडलं.”

“बरं झालं.” तो खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत राहिला. “आणखी कुठं कुठं?”

तिनं सगळं सांगितलं. ढग, गर्दी, स्वप्न. “पियानोच्या पुस्तकात ती मुलगी शेवटी एकटीच वाजवत बसते. ती सात पानं.”

“आणि मी लिहिलं, पियानो वाट बघत बसतो.”

“फुटबॉलची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाचली होती रे. देवाशपथ.”

“उपकार झाले,” तो म्हणाला. “तीन वर्षं मला वाटत होतं, मी चित्रांवर मतं देतोय. मी तुझ्या कंटाळ्यावर देत होतो.”

ताईनं मान खाली घातली. हात जोडून माफी मागावी, तर तो हातही बघणार नव्हता. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “मी माझ्या माणसाला फसवलं.” तो उठून चाचपडत गॅलरीत गेला.

दोन दिवस त्यानं वाचन मागितलं नाही. जेवायचा, विचारलं तर हो नाही म्हणायचा, बस. ताईनं टीव्हीचं बटण दाबलंच नाही. तिसऱ्या दिवशी सातला तो आपणहून खुर्चीत येऊन बसला. “आण ते पुस्तक.”

पुस्तक आधीच तिच्या मांडीवर होतं. त्यानं हात लांब करून पानाची कड शोधली आणि अंगठा तिथं ठेवला. “हं. सांग.”

चार संध्याकाळी लागल्या. तिनं कपातल्या चहाची पातळी सांगितली, मोरीतली भांडी सांगितली, कपाटाचं अर्धवट उघडं दार सांगितलं. इस्त्रीशी आल्यावर तिचा आवाज बदलला. कॉलर आधी की शेवटी, टोकाकडून की मधून, सगळं ती हातवारे करत सांगत सुटली. तो ऐकत राहिला. “हे मला डोळे असते तरी कळलं नसतं,” तो म्हणाला. ताईला वाटलं, सुटले. मग तो म्हणाला, “आता लिही.”

तिनं कागद घेतला.

“गेल्या महिन्यातलं माझं मत चुकीचं होतं. बेचाळीस पानं मी न बघताच उलटली. चित्रकार थांबला होता, मी थांबलो नाही. पत्र पाठवणाऱ्या बाईंची क्षमा मागतो.”

“अरे, तू कुठं उलटलीस? माझं नाव घाल.”

“पत्रकात नाव पेंटरचं असतं. शाबासकी त्याची, जोडेही त्याचेच.”

“मग इस्त्रीचं तरी लिहू? कॉलरचं?”

“नको,” तो म्हणाला. “ते मी पाहिलेलं नाही.”

त्यानं सांगितलं तेवढंच तिनं लिहिलं. शब्द तिच्या अक्षरात होते, आणि ग्रंथपालबाई ते वाचून म्हणाल्या, “किती मोठ्या मनाचा माणूस हो!” ताईला हो म्हणावं लागलं.

पुस्तक वरच्या फळीवर गेलं. पेंटरचं अर्धं पान पुढंही येत राहिलं, जीभ पूर्वीसारखीच. वाचन सातला सुरू होतं आणि नऊपर्यंत चालतं. ताई आता ढगसुद्धा सांगते, डावीकडचा केवढा आणि उजवीकडचा केवढा. तो ऐकतो, हसतो, भांडतो. अंगठा मात्र तिथंच. प्रत्येक पानाच्या कडेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

परवा एका नव्या कोऱ्या मंगाची पानं उलटताना अंगठा थबकला.

“दोन गेली,” पेंटर म्हणाला.

ताईनं बघितलं. दोन पानं कडेला एकमेकांना चिकटली होती. तिनं नखानं हलकेच सोडवली. “चिकटली होती रे. खरंच चिकटली होती.”

“असतील,” तो म्हणाला, आणि अंगठा पुन्हा पानावर ठेवला.