उजव्या हाताखालचा सिंह

"सोनेरी रंग नसेल, तर मी उद्घाटनाला पाऊल ठेवणार नाही!" मोहनरावांनी रंगाचा डबा माझ्या टेबलावर आपटला.

"बाबा, अहो आत एवढं सुंदर लाकूड आहे," त्यांची मुलगी रेणुका म्हणाली.

हे भांडण चाललं होतं माझ्या बिबवेवाडीच्या वर्कशॉपमध्ये. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा. भांडणं मिटवणं नव्हे. पण गिऱ्हाईक दोन्ही एकाच टेंपोत घालून आणतं, काय करणार!

खुर्ची बुधवार पेठेतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओतली, मोहनरावांच्या वडिलांच्या काळची. तिच्यावर किती नवरदेव बसून गेले असतील, देव जाणे. आता दसऱ्याला रेणुका स्टुडिओ नव्याने उघडणार होती. खुर्ची रेनेसाँ स्टाइलची. म्हणजे इटलीतल्या जुन्या सरदारांच्या घरी असायचं तसलं कोरीवकाम: पाठीवर वळणदार पानांच्या वेली, पंखवाले प्राणी, आणि दोन्ही हातांच्या टोकाला सिंहाचं डोकं. घडवली मात्र इथल्याच कारागिराने, सागवानात. मोहनराव दर दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करताना खुर्चीवर सोनेरी ऑइलपेंट फासायचे. थरावर थर चढून वेलींच्या जिलब्या झाल्या होत्या.

रेणुकाने विचारलं, "कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवली तर? कुणीतरी सांगितलं, लगेच साफ होते."

"बुडवा की. रंग जाईल, सांधेही जातील. जुनं फर्निचर सरसाने जोडलेलं असतं. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक. तो पाण्यात सुटतो. मग खुर्ची पिशवीतून घरी न्या."

शेवटी रेणुकाच्या हट्टापुढे मोहनराव नमले. ठरलं, रंग हातानेच काढायचा. रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की पट्टीने खरवडायचा. मोहनराव दारातून मागे वळले. "उजव्या सिंहाला हात लावू नका."

"का?"

"सांगितलं ना."

वेली मोकळ्या झाल्या. डावा सिंह असा निघाला, की मी चहा विसरलो. पण एक सिंह सागवानी आणि एक सोन्याचा, हे दिसणार कसं? उजव्याच्या कानामागे जरासा रिमूव्हर लावून बघितला. रंग सुटला, आणि मी पट्टी खाली ठेवली. आत लाकडाच्या रेषाच नव्हत्या. भुसा आणि सरस कालवून केलेलं डोकं होतं ते! आयाळ फणीने ओढलेली. कॉस्टिकमध्ये त्याचा लगदा झाला असता.

मोहनरावांना एकट्यांनाच बोलावलं. त्यांनी कान पाहिला आणि ते स्टुलावर बसले.

"तरुणपणी साफसफाई करताना माझ्या हातून पडली हो. सिंहाचा चुरा झाला. वडील गावाला गेले होते. तापट माणूस. ते यायच्या आत हा केला आणि वरून सोनेरी रंग दिला. दसरा तोंडावर होता, पूजेसाठी रंगवली म्हणून सांगितलं. मग दर दसऱ्याला रंगवणं आलंच."

"आणि आता?"

"लोक हसतील."

मला रागच आला. "अहो, भुशातून सिंह उभा केलात तुम्ही! हसतील कशाला? मला हेवा वाटतोय. रेणुकाला मात्र तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. रेणुका कितीतरी वेळ त्या कानाकडे बघत होती. मग हसत सुटली. "म्हणून होय! 'साहेब, उजवा हात सिंहावर, रुबाब येतो!' प्रत्येक नवरदेवाला सांगायचात!"

मोहनराव लाजले. या वयात!

"नवा सिंह कोरून देऊ?" मी विचारलं.

"मुळीच नाही," रेणुका म्हणाली. "हाच हवा."

उजव्याचा रंग मी कापसाने, चिमूट चिमूट काढला. त्याला सागवानाची छटा दिली. जवळून बघितलं तर फरक कळतो. मुद्दाम ठेवलाय.

दसऱ्याला मोहनराव आले, इस्त्रीचा कोट घालून. पहिला फोटो त्यांचाच. खुर्चीत बसताच त्यांचा उजवा हात सवयीने सिंहाच्या डोक्यावर गेला.

कॅमेऱ्यामागून रेणुका म्हणाली, "बाबा, हात मांडीवर. सिंह दिसू दे."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हात उचलला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

धंद्यातला धडा एवढाच: गिऱ्हाईक जिथे हात लावू नका म्हणतं, खरं काम तिथेच असतं. सोनेरी रंगाचा डबा अजून माझ्या टेबलावर आहे. कुणाला काही झाकायचं असल्यास घेऊन जावा.