दक्षिणेत आलेली दुनाली

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका चौकीवर होती. सेक्शन कमांडर नायक रामाशीष. रामनगरपलीकडच्या गावचा, म्हणजे आम्हा काशीकरांचा शेजारीच. गस्तीहून परतलं की तो आम्हाला रांगेत उभं करी. "खाली कर," म्हणजे रायफल रिकामी कर. प्रत्येकाची रायफल स्वतः तपासून मगच शस्त्रागारात जमा. बर्फ असो, ताप असो, सूट नाही. मी कुरकुर केली की म्हणायचा, "पंडित, भरी बंदूक किसी की सगी नहीं होती."

एका हिवाळ्यात दोघांची सुट्टी एकदम मंजूर झाली. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. वरात दारात आली आणि नवऱ्या मुलाच्या काकांनी दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, वर केली. आमच्याकडे याला हर्ष फायरिंग म्हणतात. पहिला बार हवेत गेला. टाळ्या पडल्या. रामाशीष गर्दीतून पुढे झाला.

"चाचा, नाल ऊपर. उँगली बाहर."

चाचा हसत त्याच्याकडे वळले. दुसरी नळी भरलेली होती.

कंपनीत फोन मीच लावला.

"सर, नायक रामाशीष नहीं रहे."

"कहाँ?"

"घर पर, सर. छुट्टी में."

"बॉडी के साथ रहो."

लोक याला दुर्घटना म्हणतात. मी म्हणत नाही. भरलेली बंदूक घेऊन माणसांत नाचणं हे कुणीतरी ठरवून करतं.

अग्निवीर म्हणून माझी चार वर्षं संपली. ब्रह्मा घाटावर घरी परतलो. आता आम्ही काही जण लग्नघरांत या फायरिंगविरुद्ध पत्रकं वाटतो. लोक ती घेतात आणि त्यावरच बुंदी खातात.

आणि तशीच एक दुनाली आमच्याच घरात. पणजोबांना एका जमीनदाराने यज्ञाची दक्षिणा म्हणून दिलेली. दसऱ्याला गंध-फूल, बाकी तिला काम नाही. पण लायसन बाबांच्या नावावर, म्हणून दर निवडणुकीला ती ठाण्यात नेऊन ठेवायची, पुन्हा आणायची. बाबांचे गुडघे गेलेत, गल्लीत गाडी येत नाही. त्यांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक रामनगरचे एक ठेकेदार, बाबांचे जुने यजमान.

ठेकेदारांनी ती उचलून खांद्याला लावली. समोरून आई चहा घेऊन येत होती.

"नाल नीचे." माझा आवाज परेडवरचा निघाला.

"अरे फौजी भइया, खाली है."

"खोलके देखा आपने?"

पाहिलं नव्हतं.

"करेंगे क्या इसका?"

"फागुन में लड़के का ब्याह है. पंडितजी का आशीर्वाद समझके दो-चार दाग देंगे."

बाबा मला मराठीत म्हणाले, "त्यांचे कागद पुरे आहेत. तू मध्ये पडू नकोस."

"रामाशीषला मारणाऱ्याचेही पुरे होते, बाबा."

तो अपघातात गेला, एवढंच घरी ठाऊक होतं. मी तिथेच मराठीत सगळं सांगितलं. आईने चहा खाली ठेवला. बाबा ठेकेदारांकडे वळले.

"दक्षिणा में मिली चीज बेचते नहीं. हम भूल गए थे."

"बाबा, खरं कारण सांगा त्यांना."

"तू सांगितलंस ना आत्ता. इतकी वर्षं येतात या घरात, मराठी कळते त्यांना."

ठेकेदार उठले. "बंदूक तो कहीं और मिल जाएगी, पंडितजी."

मिळेलच. म्हणून तर संताप होतो.

दुनाली आम्ही ठाण्यात कायमची जमा केली. रामाशीषचं नाव युनिटच्या स्मारकावर नाही, तो सुट्टीत गेला ना. ते मी कधीच मान्य करणार नाही.

पितृपक्षात बाबांना धरून पंचगंगा घाटावर उतरवलं. तर्पणात घरच्या पितरांची नावं संपली, तरी ते उठेनात.

"त्याचं गोत्र काय रे?"

"माहीत नाही."

"मग काश्यप. ज्याचं माहीत नाही, त्याचं काश्यप." त्यांनी ओंजळ पुन्हा भरली. "नाव सांग. पूर्ण."

मी रँकसकट सांगितलं.