झेंडूच्या पाकळ्यांची कड

भर पावसात आमच्या कॉलेजच्या आवारात मुलं झेंडूच्या पाकळ्या उधळत होती. गणपतीचे उतरवलेले हार त्यांनी त्यासाठीच मागून आणले होते. पावसाचं पाणी मुरवणारी बाग आवारात कुठे आणि कशी करायची, याची विद्यार्थ्यांमध्ये स्पर्धा होती. आराखडे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, आणि पाणी नेमकं कुठे जातं ते पाकळ्या दाखवणार होत्या.

ग्रंथालयासमोर, जिथे मुलांनी कागदावर बाग काढली होती, तिथे एकही पाकळी थांबली नाही. सगळ्या वळून कॅन्टीनमागे गेल्या. त्यांच्यातली मृण्मयी धावत आली. "मॅडम, आमचं सगळं चुकलंय," म्हणाली, पण चेहरा बक्षीस लागल्यासारखा. मलाही छत्री मिटून पाकळ्यांमागे धावावंसं वाटलं, आणि मी धावलेच.

इतकी वर्षं आम्ही पाण्याला गेटबाहेर घालवायची घाई केली. तुला कुठे बसायचंय, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पाऊस उघडला. कॅन्टीनमागच्या सखल मातीत पाणी हळूहळू जिरलं आणि पिवळ्या पाकळ्यांची वळणदार कड तेवढी मागे उरली. मृण्मयी उकिडवी बसून तिच्यावरून नुसतं बोट फिरवत राहिली. बाग पाण्यानेच काढून दिली होती.