माडीच्या सोफ्याचं माप

"झोपून दाखवा," असं मिस्त्री म्हणायचे, आणि गिऱ्हाईक आधी हसायचं. सोफा करून घ्यायला आलेल्या माणसाला भर दुपारी दुकानासमोरच्या फरशीवर आडवं व्हायला कोण सांगतं? पण मिस्त्री हसायचे नाहीत. कानावरचा खडू काढून ते वाट बघत उभे राहायचे. शेवटी तो माणूस चपला काढून, इकडंतिकडं बघत आडवा व्हायचा. मिस्त्री त्याच्या डोक्याशी एक रेघ मारायचे, टाचेशी एक. मग म्हणायचे, "आता कुशीवर वळा."

उताणं झोपलेल्या माणसाला जागा कमी लागते आणि कूस बदलताना जास्त लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल तर घरी बघा, खरं आहे.

त्यांचं वेल्डिंगचं दुकान मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. आधी ते गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचे. मग त्यांनी हा सोफा काढला. दिवसा त्यावर तीन माणसं बसायची. रात्री सोफ्याची पाठ उचलून वर न्यायची, दोन्ही बाजूंच्या पाईपांत खिट्ट्या घालायच्या, की खाली एक पलंग आणि वर एक. चढायला बाजूला लहानशी शिडी. आमच्याकडं सगळे त्याला माडीचा सोफा म्हणत.

ही कल्पना त्यांना मनमाडच्या गाडीत सुचली. गाडीतली मधली बर्थ दिवसा पाठ टेकायला असते आणि रात्री झोपायला, ते बघून. ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "सगळ्या वाटनं मी ती बर्थ खालीवर करून राह्यलो. समोरची म्हातारी म्हणली, बाबा, तुला बसायचं हाय का झोपायचं हाय, एकदाचं ठरव. मी म्हणलं, माय, दोन्ही."

सोफा तयार झाला की ते वरच्या पलंगावर सिमेंटची दोन पोती दिवसभर ठेवायचे. संध्याकाळी पोती उतरवून स्वतः चढायचे आणि भर रस्त्यावर या कुशीवरून त्या कुशीवर वळायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कोणी म्हणायचं, "मिस्त्री, उशी देऊ का?" ते वरूनच सांगायचे, "पोतं कूस बदलत न्हाई ना. म्हणून मला चढावं लागतं."

एकदा बाजारातले एक मोठे व्यापारी आले. त्यांचं घर चांगलं मोठं होतं. मिस्त्रींनी विचारलं, "ह्याच्यावर झोपणार कोण?"

"झोपत कोणी न्हाई. पाव्हणे आले का दाखवायला पाहिजे."

"मंग साधा सोफा घ्या. बाजारात लई हायत," मिस्त्री म्हणाले आणि काळा चष्मा लावून वेल्डिंगला बसले. व्यापारी बराच वेळ उभे होते.

मी त्यांच्या सोफ्यांच्या गाद्यांना रेक्झिनचे अभ्रे शिवत असे. दुकानावर मी कधी गेले नाही. तेच रेक्झिन आणून उंबऱ्यावर ठेवायचे आणि माझ्या सासूबाईंना हाक मारायचे, "मावशी, ताईचं काम ठेवलं बरं का." मी आतून बांगड्या वाजवायच्या, म्हणजे ऐकू आलं. पहिलं वर्षभर आमचं बोलणं एवढंच.

आता आमच्या घराचं सांगते. दोन खोल्या. आधी आतल्या खोलीत आम्ही नवराबायको आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि माझी मुलगी शोभा झोपत. मग दिराचं लग्न झालं. नव्या जोडप्याला आतली खोली दिली, ते रीतीनंच होतं. बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं आलो. तिथं शिलाई मशीन, धान्याची कोठी आणि तीन माणसांची अंथरुणं, एवढंच बसायचं. महिनाभर शोभा कोठीला पाठ लावून झोपली. मग सासूबाई म्हणाल्या, "पोरगी मोठी होऊन राह्यली. आईबापाच्या अंथरुणाला अंथरूण लावून कसं चालंल?" शोभाला मंठ्याला माझ्या भावाकडं ठेवलं. लोकांना सांगितलं, तिथली शाळा चांगली आहे. एका वर्षासाठी म्हणून ठेवली होती. दोन वर्षं होत आली. ती यायची ती दिवाळीला, आणि तीही दोनच दिवस.

एके दिवशी मिस्त्री रेक्झिन घेऊन आले तेव्हा सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक होता. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "हे कोणासाठी, ताई?"

"पोरीसाठी."

"आत्तापर्यंत कधी दिसली न्हाई."

"मंठ्याला असती. मामाकडं."

"सुट्टीला गेली का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी खोलीकडं बघितलं. कोठी, मशीन, भिंतीला लावलेल्या अंथरुणांच्या वळकट्या. ते मोजत होते हे मला कळलं. मला वाटलं, पदर तोंडावर घेऊन आत जावं. पण मी गेले नाही. का ते मला अजून सांगता येत नाही.

"शाळेसाठी ठेवली का झोपण्यासाठी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, बिजागरी कोणत्या बाजूला पाहिजे असं विचारावं तसा.

"झोपण्यासाठी," मी म्हणाले. हे मी कोणाला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले. सोफा ते करून देणार आणि त्याच्या पैशांपोटी मी त्यांचं शिवणकाम फुकट करणार, असं माझ्या नवऱ्याशी त्यांनी परस्पर ठरवलं होतं. सासूबाईंना त्यांनी भिंतीजवळ आडवं व्हायला सांगितलं. त्या आधी लाजल्या, मग झोपल्या आणि म्हणाल्या, "मला मापून घेऊन चाललास का काय वर?" मिस्त्री म्हणाले, "मावशी, तुम्ही खालच्या मजल्यावर. वर पोरगी."

मग भिंतीवरून भांडण झालं. सोफा मावेल अशी भिंत एकच होती आणि ती उत्तर-दक्षिण होती. सासूबाई म्हणाल्या, "उत्तरेला डोकं करून मी झोपत न्हाई."

"मंग दक्षिणेला करा."

"मंग पाय कुठं जातेत?"

मिस्त्रींनी उत्तरेकडं बघितलं. तिकडच्या भिंतीवर देवांची फळी होती. वरच्या पलंगावर पोरगी झोपली की तिचे पाय थेट देवांच्या समोर. उत्तरेला डोकं चालत नाही, उत्तरेला पाय चालत नाहीत. मिस्त्री खडू हातात धरून खोलीत फिरले. दुसऱ्या भिंतीला दार, तिसरीला आतल्या खोलीची चौकट. देव हलवा असं ते बोलले नाहीत. सासऱ्यांनी लावलेली फळी होती, ती हलणार नाही हे त्यांना कोणी न सांगता समजलं असावं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिकडं बरी हाय पोरगी. खाऊन-पिऊन हाय."

मिस्त्री मात्र गेले नाहीत. ते म्हणाले, "बरं, ते नंतर पाहू. पोरीचं माप सांगा."

मी हात माझ्या छातीशी लावून दाखवलं, एवढी. सासूबाई म्हणाल्या, "एवढी कुठं? हितपर्यंत," आणि माझ्या कोपराशी हात लावला. मी म्हणाले, दिवाळीला एवढी होती. त्या म्हणाल्या, तुझ्या ध्यानात न्हाई. आम्ही दोघी माझ्याच अंगावर हात खालीवर करत राहिलो. मिस्त्री आमच्याकडं बघत होते.

"झोपून दाखवल्याबिगर मी पाईप कापत न्हाई," ते म्हणाले.

आठवड्याभरानं त्यांना मंठ्याला एक गेट बसवायला जायचं होतं. त्यांनी माझ्या भावाचा पत्ता विचारून घेतला. गेल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले आणि उंबऱ्यावर बसून पाणी प्यायले. मग खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं. सुतळीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "मी म्हणलं, तुझ्या आईकडून आलो, झोपून दाखव. तर ओसरीवर पाय पोटाशी घेऊन झोपली. मी म्हणलं, सरळ झोप बाई, माप घ्यायचं हाय. तर म्हणती, मी अशीच झोपते काका, असंच घ्या."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तिकडं बी पाचजण हायत एका खोलीत," मिस्त्री म्हणाले. "मामीचं काही वाईट न्हाई. तिनं शिऱ्याची बशी भरून दिली मला. पण जागा जितकी हाय तितकीच ना." मग त्यांनी सुतळी माझ्याकडं दिली. "ही सरळ झोपल्यावरची. बळंच पाय लांब करायला लावले."

मी एक गाठ धरली आणि सुतळी जमिनीवर सोडली. मशीनपासून निघाली ती कोठीच्याही पुढं गेली. मी दाखवलं होतं त्याहून वीतभर जास्त. मशीनवरच्या फ्रॉककडं माझं लक्ष गेलं. तो मी गेल्या दिवाळीच्या मापानं, दोन बोटं वाढवून शिवला होता.

सासूबाई सूप बाजूला सारून सुतळीजवळ येऊन बसल्या. त्यांनी आपली वीत लावून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मधेच विसरल्या आणि परत पहिल्यापासून मोजलं. मोजून झाल्यावर सासूबाईंनी देवांच्या फळीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, त्या फळीला दार करता येतं का?"

"कसलं दार?"

"दोन झडपांचं. लोखंडी नको, लाकडाचं कर. सांजच्या दिवाबत्तीनंतर लावून घेईन. देवळात न्हाई का लावत? देव बी झोपतेतच की. दार लावल्यावर कोणाचे पाय कुठं हायत, त्यांना काय करायचं?"

"बराबर," मिस्त्री म्हणाले. "बिलकुल बराबर." आणि लगेच उठून फळीचं माप घ्यायला लागले, सासूबाईंचं मन बदलायच्या आत.

लाकडाचं काम त्यांना येत नव्हतं. त्यांनी ते एका सुताराकडून करून आणलं, पण झडपांना बारीक पितळी कड्या स्वतः बसवल्या. माझ्यासाठी मात्र एक अडचण राहिली होती. वरच्या पलंगाचा अभ्रा शिवायला मला सुतळी दिली होती, पण त्यांनी पाईप कापला तो सुतळीहून दीड हात लांब. गादी आली तेव्हा अभ्रा पुरेना. मी पहिल्यांदा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. म्हणाले, "माप तुम्हीच आणलं आणि तुम्हीच मोडलं."

"माप आजचं हाय, ताई," ते म्हणाले. "पोरगी काय आजच्या दिवस झोपणार हाय?"

मी अभ्रा उसवला आणि जोड देऊन परत शिवला. जोड दिसत होता. तो तसाच राहिला.

शोभा सहामाही परीक्षा झाल्यावर आली, पत्र्याची पेटी घेऊन. मस्तगडच्याच शाळेत तिचं नाव घातलं. दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास तिनं त्या माडीवर बसून केला. पाय खाली सोडून बसायची आणि सासूबाई खालून म्हणायच्या, "पाय हलवू नको, मला गरगरतं." आता ती जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स आहे.

मिस्त्री आता नाहीत. वेल्डिंगनं त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा दुकान दुसऱ्याला देऊन ते अंतरवाली सराटीला भावाकडं गेले. तिथं चौकातल्या चहाच्या टपरीवर बसायचे, असं ऐकलं. तिथंच काही वर्षांनी गेले. दुकानात आता मोबाईलचे कव्हर मिळतात. माणसांना जमिनीवर झोपवून सोफा करणारा मिस्त्री मी पुन्हा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तो दुसरा असेल.

त्यांची एक सवय सांगायची राहिली. सोफा दिला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या घरी जायचे, झोप कशी झाली विचारायला. वरच्या खिट्ट्या काढून, पाठ खाली घेऊन, पलंगाचा सोफा करूनही दाखवायचे. मग त्याच सोफ्यावर बसून चहा घ्यायचे. तो त्यांचा मान होता.

आमच्याकडंही आले, शोभा माडीवर पहिल्यांदा झोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवार होता. ऊन ओट्यावर आलं होतं आणि शाळेची पहिली घंटा होऊन गेली होती. शोभा वर गाढ झोपलेली होती. मी तिला दोनदा उठवायला गेले, दोन्ही वेळा सासूबाईंनी माझा पदर ओढला. मिस्त्री दारात आले तसं त्या हळूच म्हणाल्या, "बाहेरच बस, मिस्त्री. सोफा अजून उठला न्हाई."

मिस्त्रींनी मान आत घालून वर बघितलं. चपला परत पायांत घातल्या आणि पायरीवर बसले. मी चहा बाहेर नेऊन दिला, माझ्या हातानं.

समोरून जाणाऱ्या कोणीतरी विचारलं, "काय मिस्त्री, तुमच्याच सोफ्यावर तुम्हाला जागा न्हाई का?"

"पोरगी झोपली हाय," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.